सातव्याचा धर्मबाप

इतापुकु, १४ जून १९५८

कॉम्पाद्रे लिसान्द्रो ओव्हेलार यांस,

तुम्हाला राष्ट्राध्यक्ष म्हणायचं की माजी राष्ट्राध्यक्ष, हे रेडिओवाले रोज बदलतात. मी आपली कॉम्पाद्रे म्हणते. ते नातं बंदूक दाखवून कोणाला काढून घेता येत नाही. तुम्ही माझ्या पोराचे धर्मबाप, मी त्याची आई, म्हणजे मी तुमची कोमाद्रे. आपल्या देशात हे नातं भावाबहिणीच्या वर मानतात. हॉटेलात राहून विसरायला झालं असेल, म्हणून सांगितलं.

मी सेवेरियाना आकुन्या. इतापुकुच्या धक्क्यावर माझी खानावळ आहे. तुम्ही मला ओळखत नाही, कारण बाप्तिस्म्याला तुम्ही आला नव्हतात. तुमच्या जागी गव्हर्नर आला होता. सहा मुलग्यांच्या पाठीवर सातवाही मुलगाच झाला, की तो शुक्रवारी कुत्र्याचं रूप घेऊन कबरस्तानात हिंडतो, असं नदीच्या या काठावरचं लहान मूलही सांगेल. देशाच्या राष्ट्राध्यक्षानं धर्मबाप होऊन डोक्यावर हात ठेवला की बाधा टळते. तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुम्ही बाहेर शिकून आलात. पण ही पद्धत तुम्ही मोडली नाहीत. प्रत्येक निवडणुकीत आम्हा सातव्यांच्या आयांना ओळीनं उभं करून फोटो काढून घेतलेत. मी चार फोटोंत आहे. एकात डोळे मिटलेत.

पोराचं नावही तुमच्या गव्हर्नरनं परस्पर घातलं. माझ्या नवऱ्याला, देवाघरी गेलेल्या क्रिस्पीनला, शेवटच्या पोराला स्वतःचं नाव द्यायचं होतं. सहांना आजोबा-मामांची नावं देऊन झाली होती, आता माझी पाळी, म्हणत होता बिचारा. गव्हर्नर म्हणाला, राष्ट्राध्यक्षांचा धर्मपुत्र म्हणजे लिसान्द्रोच. क्रिस्पीननं टोपी काढली. आम्ही पोराला लिचो म्हणत आलो.

तर कॉम्पाद्रे, सोमवारी सकाळी रेडिओवर लष्करी बँड लागला. या देशात बँड लागला की पुढचं कोणी सांगावं लागत नाही, बायका आधी पीठ भरून ठेवतात. मग तो आवाज आला, देशाच्या भल्यासाठी वगैरे. जनरल एव्हारिस्तो ब्रितेसनी राजवाडा घेतला. तुम्ही परक्या राजदूताच्या लाँचमधून नदी ओलांडून गेलात. दोन्ही शिकारी कुत्री बरोबर होती, असं लाँचवाल्यानंच माझ्या टेबलावर बसून सांगितलं. मंत्र्यांना जागा नव्हती.

तुम्ही गेलात त्याबद्दल मी बोलत नाही. जीव सगळ्यांनाच प्यारा. पण जाताना राजीनाम्यावर सही केली नाहीत. सही नाही म्हणून शेजारचे देश जनरलला मानत नाहीत, आणि जनरल चिडलाय. त्यानं काय केलं ऐका. तुमचे सगळे धर्मपुत्र गोळा केले. गावोगावचे. थोरले सहा कामासाठी पांगलेत, घरी उरलेला माझा लिचो शाळेच्या पत्र्याला डांबर लावत होता, तिथून त्याला उचलला. आमच्या शेजारच्या तोमासाची मुलगी इर्मा तिथे मास्तरीण आहे. ती दारात आडवी उभी राहिली, म्हणाली, हा माझ्या शाळेत आहे, आधी मला कागद दाखवा. त्यांनी कागद दाखवला नाही, तिलाही ट्रकमध्ये घातलं.

तुमची सही झाली की पोरं घरी, असं बराकीच्या फाटकावर सांगतात. एक सही. तुम्ही माझ्याकडे मागितली असती तर मी चुलीपाशी उभ्या उभ्या करून दिली असती.

हे पत्र लाँचवाला पलीकडच्या काठावरून टाकेल. लवकर उत्तर द्या.

तुमची कोमाद्रे,
सेवेरियाना


इतापुकु, ३ जुलै

कॉम्पाद्रे,

उत्तर नाही. टपाल उशिरा पोचतं, असं मी स्वतःची समजूत घालते आहे.

आज बराकीत जाऊन आले. तिथला कॅप्टन फ्लेइतास. हा माझ्या खानावळीत उधारीवर मासे खाऊन वाढला. मला बघून उठून उभा राहिला, खुर्ची दिली, मातेचा कडू चहा भरून दिला. मेल्यानं माझ्या पोराला कोंडलंय आणि वर मला विचारतो, गुडघे कसे आहेत.

मी म्हटलं, "गुडघ्यांचं राहू दे. लिचोला कधी सोडतोस?"

अदबीनं म्हणाला, "दोन्या सेवेरियाना, महिनाही लागायचा नाही. आम्ही काय राक्षस आहोत? जनरलसाहेबांनी विचार करूनच हे केलंय. मंत्र्यांना धरलं असतं तर म्हाताऱ्यानं ढुंकून पाहिलं नसतं. पण धर्मपुत्र? देवासमोर डोक्यावर हात ठेवलेलं पोर कोण वाऱ्यावर सोडतं?"

आणि हे तो अगदी मनापासून बोलत होता. मला काय वाटलं सांगू? मला धीर आला. शत्रूच्या तोंडून तुमच्याबद्दल चांगलं ऐकलं आणि मी मान हलवली. खरंच, कोण सोडतं?

लिचोला पाहिलं. ओठ फाटलाय. मारतात का विचारलं, तर म्हणाला, जेवण वाईट आहे. एकोणीस वर्षांचा पोरगा, आईसमोर खोटं बोलताना अजून कान हलतात त्याचे. धर्मपुत्रांना वेगळी खोली दिली आहे, खाटा आहेत, खिडकी आहे. त्यांना जपून ठेवायचंय ना तुमच्यासाठी. इर्मा मागच्या बाजूला बायकांच्या शेडमध्ये आहे, तिथे खाटही नाही. लिचोनं आधी तिचंच विचारलं. म्हणाला, आई, ती माझ्यामुळे आत आली. तिला बाहेर काढ, मग माझं बघ.

तोमासा सकाळपासून फाटकाबाहेर उभी होती. तिला आत सोडलं नाही. पहारेकऱ्यानं विचारलं, तुमची मुलगी कोणाची धर्मकन्या? ती म्हणाली, गल्लीतल्या न्हाव्याची. तो हसला. मी बाहेर आले तेव्हा ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चिपाच्या पावांची टोपली तिच्या हातात दिली. ऊन होतं, आम्ही दोघी चालत घरी आलो.

सही करा, कॉम्पाद्रे.

सेवेरियाना


इतापुकु, २२ जुलै

लिसान्द्रो ओव्हेलार,

उत्तर मिळालं. रेडिओवर.

आम्ही खानावळीत सगळे जमलो होतो, रेडिओवर घोंगडी टाकून कान लावला होता. पलीकडच्या काठावरचं स्टेशन. तुमचा आवाज छान आहे, पहिल्यापासून छान आहे, त्याच्या जोरावर तर निवडून यायचात. तुम्ही म्हणालात, ते धर्मपुत्र नव्हेत, ती माझ्या रक्ताची मुलं आहेत. इथे तोमासानं माझा हात धरला. मला वाटलं, झालं, सुटलो. आणि मग तुम्ही म्हणालात, मातृभूमीच्या सन्मानासाठी मी माझं रक्त सांडायला तयार आहे, अशा शंभर मुलांसाठीही मी सही करणार नाही.

कोणाचं रक्त? तुमचं? तुम्हाला दाढी करताना कापलं तरी डॉक्टर येतो. सहा पोरांनंतर सातव्याच्या वेळी मी अर्धमेली झाले होते, ते रक्त माझं होतं. तुम्ही त्यातलं चमचाभरही दिलेलं नाही. आणि ते सांडायला निघालात, तेही समुद्राकाठच्या हॉटेलात बसून. मागे काटे-चमचे वाजत होते, आम्ही ऐकलं. कोणीतरी हसलं पण.

मला शिसारी आली. राग नाही, राग मला रोज येतो, गिऱ्हाइकांवर येतो. ही वेगळी गोष्ट आहे. कढईत मासा टाकावा आणि तो आतून सडका निघावा, तसं वाटलं. मी घोंगडी काढली, रेडिओ बंद केला, आणि तुमचा फोटो भिंतीवर होता तो उतरवला. जाळावा तर धूर आपल्याच घरात, म्हणून शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक बुजवायला लावला.

बराकीत काय झालं तेही कळवते, तुमच्या भाषणात उपयोगी पडेल. दुसऱ्याच दिवशी धर्मपुत्रांची खाटांची खोली गेली, त्यांना मागच्या कोठडीत टाकलं. फ्लेइतास मला म्हणाला, "दोन्या, आमचं चुकलं. आम्हाला वाटलं तो माणूस आहे." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर धक्का होता. ज्यानं पोरांना कोंडलं, त्याला तुमच्या निर्दयपणाचा धक्का बसलाय. आता कोणाकडे बघून थुंकावं हेच मला कळेना.

सान रोके गावच्या धर्मपुत्राला गुरुवारी पेटीत घालून घरी पाठवलं. ताप आला होता म्हणे. त्याच्या आईला पेटी उघडू दिली नाही. त्याचंही नाव लिसान्द्रोच होतं.

तुम्ही तुमच्या सन्मानाला जपा. मला माझा पोरगा पाहिजे.

से. आकुन्या


इतापुकु, १२ ऑगस्ट

डॉक्टर ओव्हेलार,

तुम्हाला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या कोणाला लिहिणार? इथे बोललं की भिंतीसुद्धा ऐकतात, आणि मनात ठेवलं तर झोप लागत नाही. आणि अजूनही वाटतं, वाचत असाल तर सही कराल. मूर्ख आहे मी.

काल दुपारी बिशप माझ्या खानावळीत आले. स्वतः. जांभळा कमरपट्टा, हातात अंगठी. सुरुबी माशाचा रस्सा मागितला, दोन वाट्या प्यायले, तोंड पुसलं आणि मग विषय काढला. सही मिळत नाही म्हटल्यावर जनरलला नवी कल्पना सुचली आहे. ओव्हेलारनं टाकलेल्या पोरांना जनरल पोटाशी घेणार. कॅथेड्रलमध्ये सगळ्यांचा नव्यानं बाप्तिस्मा, धर्मबाप जनरल ब्रितेस, नाव सगळ्यांचं एव्हारिस्तो. रेडिओवरून देशभर ऐकवायचं. नंतर पोरं घरी.

मी म्हटलं, "फादर, बाप्तिस्मा दोनदा होत नाही, हे तुम्हीच मला लहानपणी छडी मारून शिकवलंत."

"होत नाही," ते म्हणाले. "पण पहिला झाला की नाही अशी शंका असेल, तर सशर्त बाप्तिस्मा देता येतो. तुझा झाला नसेल तर मी तुला देतो, असं म्हणायचं."

"शंका कसली? मी तिथे होते. पाणी पडलं, पोरगा रडला."

"गव्हर्नर नास्तिक होता," बिशप म्हणाले. "शिवाय त्यानं मुलाला नीट धरलं नव्हतं. पाणी टोपीवर पडलं असण्याची शक्यता आहे."

एकोणीस वर्षांपूर्वीची टोपी, कॉम्पाद्रे. देवाच्या घरात हे लोक टोपी शोधत बसलेत. मी विचारलं, आणि मी नाही म्हटलं तर? त्यांनी वाटीच्या तळाकडे बघितलं, म्हणाले, बराकीत तापाची साथ आहे.

तोमासा आत मांदिओकाचे कंद सोलत होती. ती सुरी हातात घेऊनच बाहेर आली. "आणि माझी इर्मा?"

बिशपांनी विचारलं, "ती सातवी आहे का?"

"एकुलती आहे."

"मग तिच्यासाठी काही तरतूद नाही," असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर क्रूसाची खूण केली.

ते गेल्यावर मी तोमासाला म्हटलं, मी नाही जाणार, हा विकला गेलेला बाप्तिस्मा मला नको. तिनं मला जे सुनावलं ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "तुला सोवळं सुचतंय, सेवेरियाना, कारण तुझ्यासाठी दार उघडलंय. माझ्यासाठी कोणी भिंतीला भोकही पाडणार नाही. मुकाट जा आणि पोराला घेऊन ये. तो बाहेर असला तर निदान कोणीतरी इर्माचं नाव घेईल."

म्हणून मी होकार कळवला. समारंभ महिनाअखेरीस आहे. त्याआधी सही केलीत तर मला हा चिखल तुडवावा लागणार नाही.

सेवेरियाना आकुन्या


इतापुकु, १ सप्टेंबर

डॉक्टर,

ऐकलं असेल रेडिओवर. नसेल ऐकलं तर माझ्याकडून ऐका.

कॅथेड्रलमध्ये आम्हा आयांना ओळीनं उभं केलं, निवडणुकीच्या फोटोसारखं. पोरांना पांढरे शर्ट घातले होते. लिचोच्या गळ्याभोवती शर्ट ढगळ झाला होता, त्यावरून मला कळलं काय काय झालं असेल ते. एकेक दाढीमिशा फुटलेला बाप्या, आणि कुंडावर वाकवून डोक्यावर पाणी. जनरल बुटका आहे. उंच पोरांच्या डोक्यावर हात पोचावा म्हणून त्याच्यासाठी लाकडी पाट ठेवला होता. त्याच्या अंगाला अत्तराचा इतका वास येत होता की धुपाचा धूरही त्यापुढे मागे पडला. प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवला की तो हात रुमालाला पुसत होता. रेडिओवाल्यानं ते सांगितलं नाही.

बिशप प्रत्येक आईला विचारायचे, या मुलाचं नाव काय? आई म्हणायची, एव्हारिस्तो. बिशप म्हणायचे, एव्हारिस्तो, तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर, आणि पाणी. पुढचा. एव्हारिस्तो. पुढचा. एका बाईनं चुकून लिसान्द्रो म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला, तिला पुन्हा विचारलं, तिनं एव्हारिस्तो म्हटलं. सान रोकेच्या पोराची आई नव्हती.

माझी पाळी आली. लिचो कुंडावर वाकला होता, त्याची मान माझ्यासमोर. मानेवर सिगारेटचा डाग होता, गोल. मी आले होते ती मुकाट एव्हारिस्तो म्हणायलाच, देवाशपथ. पण तो डाग बघितला आणि एव्हारिस्तो माझ्या जिभेवर येईना. बिशपांनी विचारलं, या मुलाचं नाव काय?

मी म्हटलं, "क्रिस्पीन."

आणि गंमत बघा. बिशपांना सवय. आयुष्यभर आई जे म्हणेल तेच नाव उच्चारत आलेले. डोकं चालायच्या आधी जीभ चालली. क्रिस्पीन, तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर, आणि पाणी ओतून मोकळे. जनरलचा हात लिचोच्या डोक्यावर होता. सगळ्या देशानं ऐकलं.

जनरलनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं, मूर्ख बाई, पोराला आपल्या हातानं मारलंस. पण समोर माईक होता. तो हसला, म्हणाला, "आमची कोमाद्रे नवऱ्याला विसरलेली नाही. छान." आणि पुढच्या पोराकडे वळला.

नंतर फ्लेइतासनं मला खांबामागे ओढलं. "दोन्या, काय केलंत? जनरलसाहेब पेटलेत."

"बापाचं नाव दिलं. गुन्हा आहे?"

"आता त्याला आत नेऊन झोडायलाही पंचाईत," तो म्हणाला. "साहेबांचा हात डोक्यावर असताना पाणी पडलंय. माझ्या शिपायांपैकी एकजणही त्याच्यावर हात उचलायचा नाही. आपल्याच साहेबांच्या धर्मपुत्राला मारणाऱ्याचा हात सडतो, म्हणतात." असं म्हणून त्यानं स्वतःचा हात खिशात घातला.

तर जनरल अडकलाय त्याच्याच नाटकात. त्याला वाटलं होतं हे नातं आपल्या सोयीचं आहे. ते दोन्ही बाजूंनी कापतं, हे त्याच्या सैनिकांना त्याच्यापेक्षा जास्त कळतं.

लिचो घरी आला. येताना गल्लीत दोघांनी आमच्यासमोर थुंकून रस्ता बदलला, जनरलचा धर्मपुत्र म्हणून. मी पाणी तापवलं, रस्सा केला. तो जेवला नाही. आंघोळ करून बसला, आणि म्हणाला, "इर्माला रोज रात्री बाहेर नेतात. तिची शेड आमच्या भिंतीला लागून होती."



सेवेरियाना


इतापुकु, ६ ऑक्टोबर

ओव्हेलार,

तुमच्या सेक्रेटरीचं पत्र पोचलं. इतकी पत्रं मी लिहिली, त्यांना हे एक उत्तर, तेही टाइप केलेलं. तुम्ही आत्मचरित्र लिहायला घेतलंय, असं त्यात म्हटलंय. त्यासाठी माझं निवेदन हवं आहे, की माझ्या मुलाचं लिसान्द्रो हे नाव जबरदस्तीनं काढून घेतलं, आणि ते परत मिळावं अशी माझी तळमळ आहे. खाली सहीसाठी रेघ मारून दिली आहे. पोरगा जिवंत आहे का, हे विचारायला जागा उरली नसावी.

आणि फ्लेइतासनं दुसरी बातमी दिली. तुम्ही राजीनाम्यावर सही केलीत. सप्टेंबरात. जनरलनं तुमचा येर्बाचा, मातेच्या पाल्याचा, मळा जप्तीतून सोडला आणि तुम्ही सही करून दिलीत. शंभर मुलांसाठी न होणारी सही झाडपाल्यासाठी झाली. फ्लेइतास हे सांगताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. मला काही वाटलं नाही, हो. तुमच्याबद्दल वाटायचं ते सगळं जुलैतच वाटून झालं.

आता इथलं ऐका. कॉम्पाद्रे झालेल्या माणसानं पहिल्यांदा कोमाद्रेच्या घरी जेवायला यायचं, ही रीत तुम्ही पाळली नाहीत. जनरलनं पाळली. गेल्या रविवारी गाड्या, पहारेकरी, फोटोवाला, सगळा लवाजमा घेऊन आला. मी सुरुबी तळला, मक्याची भाकर भाजली. रांधताना हात थांबत होता, पण रांधलं. दाराशी लिचोनं हात जोडले, रीतीप्रमाणे म्हणाला, "आशीर्वाद द्या, धर्मबाबा." माझ्या पोराच्या तोंडून ते ऐकताना मला कोणीतरी तोंडात साबण कोंबल्यासारखं झालं. जनरलनं आशीर्वाद दिला. फोटो निघाला.

जेवताना तो तोंड उघडं ठेवून चावतो. काटे काढून माझ्या टेबलक्लॉथवर ओळीनं लावतो. बोटं चाटतो आणि मग त्याच बोटांनी माझ्या खांद्यावर थोपटून म्हणतो, कोमाद्रे, हात चवदार आहे तुमचा. तोमासा स्वैपाकघरात पडद्याआड उभी होती. मी मनात म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. कोमाद्रेनं आपल्या टेबलावर मागितलेलं कॉम्पाद्रे नाकारत नाही.

म्हटलं, "एक मागणं आहे. इर्मा म्हणून मास्तरीण आहे तुमच्या बराकीत. तिला सोडा."

त्यानं चावणं थांबवलं नाही. "ती कोणाची?"

"तोमासाची. शेजारीण माझी."

"तसं नव्हे. कोणाची? कोणाच्या घरची, कोणाच्या ओळखीची, कोणाची कोण?"

न्हाव्याचं नाव घेऊन काय करणार होते?

"म्हणजे कोणाचीच नाही," जनरल म्हणाला, आणि आणखी एक तुकडा वाढून घेतला. "कोमाद्रे, जेवणाचा विचका करू नका. कोणाच्याच नसलेल्या माणसांना सोडत बसलो तर बराकी ओस पडतील."

किती सरळ बोलला बघा. तुम्ही हेच वीस वर्षं करत होतात, फक्त आवाज छान होता.

तेवढ्यात लिचो बोलला. इतके दिवस घुम्यासारखा असलेला पोरगा. "माझी आहे, धर्मबाबा."

"काय?"

"इर्मा माझी आहे. आमचं लग्न ठरलंय. तुम्ही लग्नालाही धर्मबाप व्हावं, अशी माझी विनंती आहे."

त्याचे कान हलत होते. मला दिसले. जनरलला कुठून कळणार? जनरल आधी बघत राहिला, मग इतका हसला की मासा घशात अडकला, फ्लेइतासनं पाठीवर थोपटलं. एकाच घरात दोनदा धर्मबाप, वर फोटो, वर्तमानपत्र. त्याला तर हवंच होतं. म्हणाला, "आधी सांगायचं नाही का, लेका? आपल्या घरच्या सुनेला कोण आत ठेवतं?"

मंगळवारी इर्मा बाहेर आली. केस कापलेत, एक हात वर होत नाही. फ्लेइतासनं फाटकावर तिला सगळ्यांसमोर विचारलं, हा पोरगा म्हणतो ते खरं का, तुझं याच्याशी ठरलंय? तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिचा माणूस वेगळा आहे, छापखान्यात होता, बँड लागला त्या दिवशी नदीपार गेला, तुमच्यासारखा. तिनं लिचोकडे पाहिलं. लिचोनं तिच्याच वर्गात पाच वर्षं काढली, पाढे न येणारा म्हणून ती त्याला रोज उभा करायची. ती म्हणाली, "हो, ठरलंय. पण बाराचा पाढा पाठ झाल्याशिवाय नाही." फाटकावरचे पोरगे सैनिक हसले आणि बाजूला झाले.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, मुली, नुसतं ठरलंय म्हणून दिवस ढकलू. ती म्हणाली, नाही, तारीख लागली नाही तर पुन्हा न्यायला येतील. लग्न करू. नंतरचं नंतर बघू. तोमासा तिच्या कापलेल्या केसांना तेल लावत होती आणि लावतच राहिली. लिचोनं आपली खाट उचलून खानावळीत आणली, खोली त्या दोघी मायलेकींना दिली. म्हणाला, ती म्हणेल तोवर मी इथेच झोपेन.

तेव्हा हे असं आहे. कॅथेड्रलमध्ये तेच बिशप, तोच पाट, तोच अत्तराचा वास, आणि ज्यानं त्या मुलीला रात्री बाहेर नेणारी माणसं पोसली, त्याच्याच हातानं तिच्या डोक्यावर आशीर्वादाचे तांदूळ पडायचे. ती उभी राहणार आहे. मी केक करणार आहे. किळस येते, डॉक्टर. सकाळी उठल्यापासून येते, हात धुतले तरी जात नाही. पण दोघं माझ्या छपराखाली आहेत आणि रात्री दोघांचा श्वास ऐकू येतो.

तुमच्या निवेदनाचा कागद चांगल्या जाडीचा आहे. केकच्या साच्याला खाली लावायला घेतला. माझा मुलगा क्रिस्पीन आणि इर्मा यांचं लग्न येत्या शनिवारी आहे.

तुम्हाला आमंत्रण नाही.

सेवेरियाना आकुन्या